रंग आपला, हात कुणाचे?

फॉर्म्युला वनच्या एका गाडीवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. जगज्जेत्या गाडीवर नाही, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी गाडी २००९ च्या मोसमातली. नाव व्हीजेएम ०२, संघ फोर्स इंडिया. १७ शर्यतींपैकी १५ शर्यतींत तिच्या पदरी भोपळा. उरलेल्या दोन शर्यतींचे मिळून १३ गुण, आणि १० संघांत नववा नंबर. शाळेच्या प्रगतिपुस्तकात असा निकाल आला असता तर पालकांना बोलावणं आलं असतं! तरीही आमच्या गोवंडीच्या घरात, जिथे चारचाकी कधी आली नाही (आली असती तर लावायची कुठे, हाही प्रश्नच), या गाडीचा विषय अजून निघतो.

आत्ता लिहायला बसलो त्याला निमित्त ताईचं. ताईचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये आकंठ बुडालेत. पोरं स्वतः एक छोटी, एका माणसाची शर्यतीची गाडी बनवतात आणि स्पर्धेला नेतात. रात्री बारा-बारापर्यंत कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. आंघोळ केली तरी अंगाला कूलंटचा वास. पॉइंटर एका सेमिस्टरमध्ये ८.४ वरून ७.१ वर. शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, नोकरी लागली की हप्ते सुरू होणार. ताईची झोप उडाली नाही तरच नवल. तिने मला सांगितलं, "तू मामा आहेस, तुझं तो ऐकतो. त्याला यातून बाहेर काढ."

मी तयारी करायला लागलो, काय बोलायचं, कसं बोलायचं.. आणि डोक्यात सारखी ती १३ गुणांची गाडी यायला लागली. म्हणून आधी तिची गोष्ट.

७ फेब्रुवारी २००८ ला गेटवे ऑफ इंडियापाशी फोर्स इंडियाची पहिली गाडी, व्हीजेएम ०१, लोकांना दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मागे गेटवे, पुढे पांढरी-सोनेरी गाडी. आमचे बाबा तेव्हा निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. देवनारच्या बाजूला एका कारखान्यात ३१ वर्षं लेथवर. टर्नर माणूस. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू, मापात बसलेल्या आणि न बसलेल्या. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि विचारलं, "आणली इथे. बनवली कुठे?"

मी म्हटलं, इंग्लंडमध्ये, सिल्व्हरस्टोनला.

"मग रंग आपला, हात त्यांचे." एवढं बोलून पेपर घडी करून ठेवला.

खरं होतं ते. त्या कारखान्याची कहाणी आपल्या चाळीतल्या खोलीसारखी आहे, भाडेकरू बदलत राहिले, खोली तीच. १९९१ पासून तिथे जॉर्डन संघ होता. २००६ ला मिडलँड आलं, २००७ ला स्पायकर. ऑक्टोबर २००७ मध्ये विजय मल्ल्या आणि मिखिल मोल यांनी तो विकत घेतला आणि पाटी बदलली, फोर्स इंडिया. आतले इंजिनिअर, फिटर, कार्बन फायबरचे थर लावणारे लोक बरेचसे तेच राहिले.

२००८ च्या १८ शर्यतींत गुण शून्य. तेव्हा पहिल्या आठ गाड्यांनाच गुण मिळत. मोनॅकोला पावसात आद्रियान सुटिल १८व्या जागेवरून सुरुवात करून चौथा आला होता, शर्यत संपत आली होती, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर किमी रायकोननची फेरारी मागून येऊन आदळली. संपलं! बाबा म्हणाले, "हा कोण?" रायकोनन हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता २००९. त्या वर्षी नियमच मुळापासून बदलले. या गाड्यांना पुढे-मागे पंख असतात हे बघितलं असेल. विमानाचा पंख उलटा करून बसवला तर तो गाडीला वर उचलण्याऐवजी जमिनीवर दाबतो. दाब जितका जास्त तितकी वळणावर पकड जास्त. पण त्याची किंमत असते, सरळ रस्त्यावर तोच पंख हवेला अडतो. २००९ मध्ये पुढचा पंख १४०० वरून १८०० मिलिमीटर रुंद झाला, मागचा १००० वरून ७५० वर आला. खाचा नसलेले गुळगुळीत टायर परत आले. शिवाय केर्स नावाचं यंत्र वापरायची मुभा मिळाली. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि प्रत्येक फेरीत साडेसहा सेकंदांच्या आसपास जादा ताकद म्हणून वापरायची. (आपल्या नव्या लोकलही ब्रेक लावताना वीज वरच्या तारेत परत सोडतात. कल्पना तीच.) आणि मोसम सुरू झाल्यावर ट्रॅकवर चाचण्या घ्यायला बंदी. म्हणजे चुकलात तर सुधारायचं कारखान्यातच, कागदावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात.

फोर्स इंडियाचं मात्र आणखी एक त्रांगडं होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये संघाने फेरारीचं इंजिन सोडून मर्सिडीजचं इंजिन आणि मॅक्लारेनचा गिअरबॉक्स घ्यायचं ठरवलं. इंजिन म्हणजे काही घरातला मिक्सर नव्हे, जुना काढला नवा ठेवला. या गाड्यांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग. ते पुढच्या बाजूला चालकाच्या कवचाला बोल्टने जोडलेलं, मागे त्याला गिअरबॉक्स, आणि मागची चाकं त्या गिअरबॉक्सला. इंजिन बदललं की पाणी-तेलाच्या वाटा, हवा बाहेर पडायचा मार्ग, गाडीची मागची बाजू, सगळंच नव्याने. जेम्स की आणि मार्क स्मिथ यांच्या हाताखालच्या लोकांनी हे हिवाळ्यात उरकलं आणि १ मार्च २००९ ला गाडी स्पेनमध्ये हेरेथच्या ट्रॅकवर उतरली. पहिली शर्यत २९ मार्चला मेलबर्नला! या वेळी रंग भगवा, पांढरा, हिरवा.

शर्यतीत त्यांनी केर्स वापरलं नाही. मोठ्या संघांएवढा पैसा नव्हता आणि त्या यंत्राचं वजनही खांद्यावर पडतं. जे जमणार नाही ते सोडून द्यायचं आणि उरलेलं नीट करायचं. गाडीचा एक गुण हळूहळू दिसायला लागला. ती हवेला फार अडत नव्हती. वळणावळणांच्या ट्रॅकवर मागे पडायची, पण सरळ रस्त्यावर सुसाट.

पण गुणफलक ते सांगत नव्हता. चीनला भर पावसात सुटिल सहावा होता, शेवटच्या काही फेऱ्यांत घसरून टायरच्या भिंतीवर आदळला. शून्य. जर्मनीत नुर्बुर्गरिंगला सातव्या जागेवरून सुरुवात करून मधे चक्क दुसरा होता, पिटमधून बाहेर पडताना टक्कर झाली आणि पुढचा पंख गेला. टक्कर कुणाशी? रायकोननशी! बाबा म्हणाले, "हा माणूस आपल्या राशीला साडेसातीसारखा बसलाय." ११ शर्यती, शून्य गुण. आधीच्या वर्षीच्या १८ धरून सलग २९ शून्यं.

मला सांगा, २९ शून्यं बघून कुणीही काय म्हणेल? बंद करा हे. ताई तेच म्हणते आहे, आणि ताई मूर्ख नाही.

पण कारखान्यात त्या काळात काय चाललं होतं ते फलकावर दिसत नव्हतं. व्हॅलेन्सियाच्या शर्यतीला गाडीला सुधारलेले भाग बसले. तिथेही शून्यच. आणि त्यापुढची शर्यत बेल्जियमला, स्पा-फ्रँकोरशाँला. ७ किलोमीटरची फेरी, जंगलातून चढउतार, लांबलचक सरळ रस्ते. म्हणजे या गाडीच्या माहेरचाच ट्रॅक म्हणायचा.

शनिवारी जियानकार्लो फिसिकेला पहिल्या जागेवर! मी बातमी दोनदा वाचली. ३० ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी साडेपाच. गणपतीचे दिवस. खाली मंडळाचा लाऊडस्पीकर इतका मोठा की टीव्हीचा आवाज ऐकू येणं अशक्य. आम्ही दोघांनी अख्खी शर्यत मुक्यानेच बघितली. पहिल्याच फेरीत मागे चार गाड्यांची धडक झाली आणि सेफ्टी कार आली. पाचव्या फेरीत शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा चढावरच्या सरळ रस्त्यावर लाल फेरारी बाजूने निघून गेली. केर्सचं बटण. आत बसलेला कोण ते सांगायला नकोच.

मला वाटलं, झालं, आता एकेक जण पुढे जाणार. पण तसं झालंच नाही. पुढच्या सगळ्या फेऱ्या फिसिकेला त्या फेरारीच्या शेपटीला चिकटून होता. ४४ फेऱ्या, ३०० च्या वर किलोमीटर, आणि शेवटी अंतर ०.९३९ सेकंद. एक टाळी वाजवायला लागतो तेवढा वेळ. दुसरा नंबर, ८ गुण. ३०व्या शर्यतीत संघाचे पहिले गुण. मी पलंगावर उभा राहून ओरडलो. बाबा शांत. म्हणाले, "बटण नव्हतं म्हणून हरली. जॉब पास आहे."

३१ वर्षांत "जॉब पास" हे शब्द त्यांनी घरात किती कमी वेळा वापरलेत हे आईला विचारा!

पुढची शर्यत मोन्झा. तीही वेगाची. सुटिल दुसऱ्या जागेवरून सुटला, चौथा आला आणि शर्यतीतली सगळ्यांत वेगवान फेरी त्याची. तिसरा कोण? रायकोनन, अर्थात! फिसिकेलाला मात्र तोवर खुद्द फेरारीने बोलावून घेतलं होतं. इटालियन माणूस, फेरारीचा लाल पोशाख, आणखी काय हवं? उरलेल्या पाच शर्यतींत त्याला तिथे एकही गुण मिळाला नाही. बाबांचं म्हणणं, "मशीन नावाजलेलं असून चालत नाही, हातातलं असावं लागतं." फोर्स इंडियालाही मोन्झानंतर काही मिळालं नाही. ब्राझीलला सुटिल तिसऱ्या जागेवर होता, पहिल्याच फेरीत टक्कर. ८ आणि ५, बेरीज १३.

आता इथे थांबलो तर गोष्ट छान गुळगुळीत होईल. पण बाबांचा प्रश्न राहतोच ना.. हात कुणाचे?

चालक एक इटालियन, एक जर्मन. टायर जपानी. मर्सिडीज हे नाव जर्मन, पण ते इंजिन बनत होतं इंग्लंडमध्येच, ब्रिक्सवर्थला. आपलं काय होतं? मालक, रंग आणि नाव. तो अभिमान खोटा होता असं मी म्हणणार नाही, तिरंगी गाडी पुढच्या रांगेत बघून छाती फुगली होतीच. पण २०१२ मध्ये त्याच मालकाची विमान कंपनी बंद पडली, लोकांचे पगार थकले, तेव्हा तो अभिमान जरा घशात अडकला. २०१८ च्या उन्हाळ्यात संघच प्रशासकाच्या हाती गेला. नवे मालक आले, नाव रेसिंग पॉइंट झालं, २०२१ पासून ॲस्टन मार्टिन. चारशेहून जास्त लोकांच्या नोकऱ्या मात्र टिकल्या, कारण त्या लोकांच्या हातात जे होतं ते विकत घेण्यासारखं होतं. २०१६ आणि २०१७ मध्ये याच लोकांनी संघाला चौथ्या नंबरवर नेलं होतं. रंग गेला, नाव गेलं, हात राहिले.

आमच्या गोवंडीचंही थोडं असंच आहे. नवीन ऑफिसात कुणी विचारलं की कुठे राहता, आणि सांगितलं गोवंडी, की समोरचा म्हणतो, "म्हणजे ते डम्पिंग?" हो, ते डम्पिंग. १९२७ पासून आहे, आमच्या आजोबांच्याही आधीपासून. गोवंडीच्या फलकावर लोकांना तेवढंच दिसतं. गाळ्यागाळ्यांत लेथवर, वेल्डिंगवर, जरीच्या कारचोबावर वाकलेली माणसं त्यात कुठे मोजली जात नाहीत.

आणि आता भाचेबुवांची गाडी. या स्पर्धेत शर्यतीसारखं एकमेकांना मागे टाकणं नसतं. एकूण १००० गुण. त्यात गाडी अशीच का बनवली हे परीक्षकांना पटवायचे गुण, खर्चाच्या हिशोबाचे गुण, मग वेग, वळणं आणि सगळ्यांत मोठी परीक्षा २२ किलोमीटर धावायची. नियम असा की आराखडा मुलांनीच करायचा आणि गाडी मुलांनीच चालवायची. जाणत्या माणसाने पर्याय समजावून सांगितले तर चालतात, निर्णय त्यांचा. मुंबईतच कितीतरी कॉलेजांच्या अशा टीम आहेत. विद्याविहारच्या सोमय्याची ओरायन रेसिंग आहे, गोवंडीहून कुर्ला आणि तिथून गाडी बदलली की आलं. माटुंग्याला व्हीजेटीआयची आहे. पवईच्या आयआयटीची मुलं तर विजेवर चालणारी गाडी घेऊन थेट सिल्व्हरस्टोनला जाऊन आली. तेच सिल्व्हरस्टोन! म्हणजे एकदा तिथे बनलेली गाडी गेटवेला आली होती, आणि नंतर इथे बनलेली तिथे गेली. पहिलीचा फोटो सगळ्या पेपरांत, दुसरीचा किती जणांनी पाहिला?

समजवायला म्हणून मी ताईकडे गेलो तेव्हा भाचा आजोबांसमोर ड्रॉइंग पसरून बसला होता. चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो ॲल्युमिनियमचा भाग. लिंक रोडच्या एका गाळेवाल्याने तो बनवायला परवडणार नाही असा भाव सांगितला होता. बाबांनी भिंग मागवलं. बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवून विचारलं, "या भोकात काय बसणार?"

"बेअरिंग, आजोबा."

"आणि यात?"

"नुसता बोल्ट जातो."

"मग दोघांना एकच टॉलरन्स का? शतांश मिलिमीटर इथेही आणि तिथेही?"

भाचा गप्प. कॉम्प्युटरवर सगळ्या मापांना एकदम तेच लागलं होतं. बाबा पुढे काही बोलले नाहीत. सांगितलं फक्त एवढंच, "प्रत्येक मापापुढे स्वतःला विचार, इथे चुकलं तर काय बिघडेल? जिथे काही बिघडत नाही तिथे टर्नरला कशाला छळतोस? त्याचे पैसे तूच देणार आहेस." दोन दिवस टीम त्यावर बसली. नवीन ड्रॉइंग घेऊन गेल्यावर भाव निम्म्यावर आला. आणि मला फोर्स इंडियाचं न घेतलेलं केर्स आठवलं. थोड्या पैशांत गाडी बनवायची तर कुठे बारीक राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हेच तर डिझाइन. हे कुठल्या पेपरात कितीला येतं मला माहीत नाही, पण कॅम्पसमध्ये नोकरी द्यायला येणाऱ्याने विचारलंच, तर त्या पोराकडे सांगायला काहीतरी खरं आहे.

तर ताई, तू हे वाचत असशील (वाचतेसच, न सांगता), तुझं काम माझ्याच्याने होणार नाही. मी त्याला सोड म्हणणार नाही. पण तुझं म्हणणंही मी सोडलेलं नाही. २९ शून्यं परवडायला मागे पैसेवाला मालक लागतो, तुझ्या मागे बँकेचा हप्ता आहे. म्हणून त्याच्याशी बोलून असं ठरवलंय की जानेवारीच्या स्पर्धेपर्यंत टीम, पण रविवार आणि बुधवारची रात्र अभ्यासाची, आणि पुढच्या वर्षी कॅप्टन व्हायच्या भानगडीत पडायचं नाही. व्हीजेएम ०२ ला तिचे दोन ट्रॅक कुठले ते कळायला अर्धा मोसम लागला. त्याला त्याचे कळू दे. पॉइंटर पुन्हा वर आला नाही तर मी स्वतः येऊन त्याची हत्यारपेटी कुलूपबंद करेन, शब्द देतो.

ताईने फोनवर हे सगळं ऐकलं, आणि "जानेवारीनंतर एक दिवस नाही" एवढंच म्हणाली. पण फोन ठेवायच्या आधी विचारलं, "त्या २२ किलोमीटरला किती वेळ लागतो रे?" म्हणजे ऐकत होती!

काल गाडीचा सांगाडा जोडून झाला. भाच्याने मोबाईलवर फोटो पाठवला, बाबांनी तो मोठा करून करून प्रत्येक सांधा बघितला. नंतर त्याला फोन लावून विचारलं, "रंग कुठला देणार?"

"रंगाला पैसेच उरले नाहीत, आजोबा."

"असू दे," बाबा म्हणाले. "वेल्डिंग तरी दिसेल."